पिराच्या गुहेतली बिडी

त्या डोंगरातल्या गुहेत एक पीर चाळीस दिवस उपाशी बसला होता. तेव्हापासून खोटं बोलणारं माणूस तिच्या तोंडात अडकतं, असं निपाणीत सगळे सांगायचे. मी तेव्हा नवी सून, दिवसभर बिड्या वळणारी. सासऱ्यांच्या बंडलातून रोज एक बिडी कमी व्हायची आणि आळ अर्थातच माझ्यावर. खरंखोटं करायला सासूबाई मला मलिद्यासकट तिथं घेऊन गेल्या.

मी काटकुळी, सरपटत सहज आत गेले. मागून सासूबाई आल्या आणि कमरेपाशी घट्ट अडकल्या.

म्हातारा कानडी मुजावर शांतपणे म्हणाला, "उसिरु बिड्री."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "व्हय बाबा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बिडी मीच वडते. रोज एकच. सुनंनं न्हाय घेतली." एवढं बोलण्यात पोटातली हवा गेली आणि त्या अलगद आत घसरल्या.

पुढं दर गुरुवारी त्या पिराच्या नावानं ऊद जाळायच्या, माझ्याशीही गोड वागायच्या. माझं माहेर बेळगावकडचं, कानडी मला चांगलं येतं. 'उसिरु बिड्री' म्हणजे श्वास सोडा, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.