व्हॉल्व्ह टेबलावर, आवाज रस्त्यापलीकडे

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळी नोकरी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली. कुणी चकव्याची, अंगात येण्याची गोष्ट सुरू केली की माझा एकच प्रश्न असायचा – "मीटर लावून बघितलं का?" बायको म्हणते, तुमच्या अंगात रक्त नाही, सोल्डर आहे. तर असा मी. आता पुढचं वाचा आणि हसायचं तर खुशाल हसा.

रिटायर झाल्यावर कळमनुरीत नांदेड रोडला एक शटर घेतलं. जुने रेडिओ, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करत बसतो. गिऱ्हाईक कमी, समाधान भरपूर. समोर रस्त्यापलीकडे लिंबाखाली गफूरभाईंचं हॉटेल. चहा आणि फुकटचे सल्ले तिथूनच येतात.

गेल्या थंडीतली गोष्ट. बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा. जवळच्या तांड्यावरच्या एक मावशी पुतण्याला घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील. पुतण्यानं गोणपाटात गुंडाळलेलं एक जड धूड टेबलावर ठेवलं आणि तो बाजाराला गेला.

"सर, हे मशीन कोणाचं हाय ते सांगा."

"कोणत्या कंपनीचं, असं ना?"

"कंपनी घेऊन काय करू? माझ्या मालकाचं हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मग हळूहळू कळलं. त्यांचे मालक लग्नाकार्यात स्पीकर लावायचे. सहा वर्षांमागे वारले. मशीन घरात कोपऱ्यात पडून होतं. त्याच्याकडे बघितलं की मावशींना रडू यायचं, मग राग यायचा. एक दिवस दारात भांडेवाली आली आणि यांनी रागाच्या भरात ते दोन पातेल्यांवर देऊन टाकलं.

"त्या पातेल्यांत अजून भाजी न्हाई शिजवली, सर. त्यांचा जीव व्हता मशीनीत. राग आला असंल हो त्यांना..."

आता पुतण्याला वसमतच्या भंगारात हे दिसलं, आणि त्यानं उचलून आणलं.

मी तळाची प्लेट खोलली. खरं सांगू? बघून मन खूश झालं. दोन मोठे व्हॉल्व्ह, चार लहान, विटेसारखे जड ट्रान्सफॉर्मर. पस्तीस-चाळीस वॅट सहज. वायरी दोऱ्यानं ओळीत बांधलेल्या, सोल्डरिंग असं की माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावं. पण नाव कुठंच नाही! समोर नावाच्या पट्टीची चार भोकं तेवढी. पत्रा हातानं कापलेला. म्हणजे कंपनीचा माल नाही, नांदेड-हैदराबादकडच्या कुणा कारागिरानं जुळवलेला. अशी मशीनं तेव्हा गावोगाव होती.

"मावशी, काही खूण?"

"काळं व्हतं. जड व्हतं."

घ्या! यावरून काय ओळखणार? त्यात मीटर लावला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची भोंग्याकडची तार तुटलेली. म्हणजे आतून कितीही आवाज आला तरी तो भोंग्यापर्यंत पोचायला वाटच नाही. मी सांगितलं, आठ दिवस लागतील, आणि कुणाचं ते मात्र मी सांगू शकणार नाही.

"एकडाव चालू तर करा. दिवे तरी बघते."

म्हातारीचं मन मोडवेना. अशा अवस्थेत मशीन चालू केलं तर मोठे व्हॉल्व्ह जातात, म्हणून ते दोन्ही काढून टेबलावर फडक्यात ठेवले. भोंग्याला आवाज पुरवतात ते हेच, म्हणजे आता तर आवाजाचा प्रश्नच नव्हता. मावशींच्या समाधानासाठी दारातला भोंगा जोडला, माइक लावला, बटण दाबलं. लहान व्हॉल्व्ह लालसर पेटले. मावशी उठल्या आणि चालायला लागल्या.

"कुठं निघालात?"

"पलीकडं. ते मशीनीपाशी बसायचे, अन् मी लांब जाऊन उभी राहायचे. आवाज पोचला की हात वर करायचा. मशीनीपाशी बसलेल्याला काय कळतंय!"

रस्ता ओलांडून त्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. मी आपलं हसत माइकमध्ये म्हटलं, "हॅलो, हॅलो." भोंगा गप्प. असणारच.

आणि मावशींनी हात वर केला.

मला वाईट वाटलं. बिचारीला भास होतोय... तेवढ्यात गफूरभाई ओरडले, "ओ सर! बारीक करा की! गिऱ्हाईक पळून राहिलं ना!"

मी बटण बंद केलं, तसाच रस्ता ओलांडला. "काय ऐकलं तुम्ही?"

"तुमीच तर बोलून राहिले भोंग्यातून. 'कमळे, येऊन राहिला का आवाज?' दोन डाव. बराबर ऐकलं मी. ही कमळी कोण हो?"

मी मावशींना नाव विचारलंच नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

रेडिओ स्टेशन पकडलं असेल? रस्त्यानं एखादी स्पीकरची गाडी गेली असेल? सगळं तपासलं. भोंग्याला हात लावून उभा असलेल्या मला काहीच कसं ऐकू आलं नाही? नंतर ट्रान्सफॉर्मर उकलला, तर तार जिथं तुटली तिथं हिरवा गंज चढलेला, कित्येक वर्षांचा. नवीन वायंडिंग भरून दिलं. आता मशीन छान वाजतं, आणि आपण बोलू तेवढंच बोलतं. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मी तरी हात टेकले.

मावशींना मात्र यातलं काहीच नको होतं. त्या दिवशी लिंबाखाली त्यांनी गफूरभाईंना एवढंच विचारलं, "भाऊ, मला आवाज ओळखू आला, पन रडूच आलं, पुढचं काही कळलं न्हाई. रागात व्हते का?"

"रागात? न्हाई वो मावशी. हसून बोलून राहिले होते."

मावशींनी डोळे पुसले. मग तिथल्या बाकावर ऐसपैस बसून म्हणाल्या, "चहा टाका भाऊ. सरांना बी द्या."