आमिष म्हणून ठेवलेला किल्ला

माझं डोकं चांगलं चालतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, झालं असेल बिचारीकडून चुकून. चुकून काहीही झालेलं नाही. सगळं ठरवून केलं, कागदावर मांडून केलं, आणि मांडलं तसंच झालं.

सोलापुरात सात रस्ता चौकाहून थोडं पुढे शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथं मी कापड बेतायचं काम करते. थरावर थर घातलेल्या कापडावर शर्टाचे भाग असे बसवायचे, की चिंध्या कमीत कमी पडाव्यात. पंधरा वर्षं हेच करतेय. कुठला तुकडा वाया गेला तर चालेल, हे मला बघताक्षणी कळतं. त्याचा मला अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

मोबाईलवरचा तो लढाईचा खेळ मला तिनं दाखवला. ती म्हणजे माझी लहानपणापासूनची मैत्रीण. एका गल्लीत वाढलो, शाळेत एका बाकावर बसलो, आणि लग्न होऊन ती मोडनिंबला गेली. नवऱ्याचं पाइप आणि मोटारींचं दुकान, घरात सासू-सासरे, दीर, जावा, पोरं. माणसं वाईट नव्हती. पण हिनं फोन कानाला लावला की तिघं जण ऐकायला हजर. ‘काय गं, कशी आहेस, जेवलीस का’ यापुढं आमचं बोलणं सरकायचंच नाही. एका दिवाळीला माहेरी आली ती हा खेळ घेऊनच.

"हितं लिवून बोलता येतंय की गं," मला म्हणाली. "बघणाऱ्याला वाटतंय, गेम खेळायलीय."

खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाचा एक किल्ला. धान्य, लाकूड, दगड जमवायचे, तट वाढवायचा, सैन्य ठेवायचं. पंचेचाळीस जणांची मिळून एक क्लॅन, म्हणजे टोळी, आणि एका क्लॅनची दुसरीशी लढाई. आमच्यात बायका आम्ही दोघीच. बाकीचे कुठकुठले बाप्ये, एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. वर्षभरात मी त्या सगळ्यांची आखणी करणारी झाले. कुणी कुणावर चालून जायचं, किती वाजता, आधी कोण आणि मागून कोण, हे मी दुपारच्या सुट्टीत कारखान्यातल्या ब्राऊन पेपरवर मांडायची. ‘ताई सांगतील तसं’ असं ते लिहायचे. कारखान्यात मला कुणी ताई म्हणत नाही, ‘ओ कटिंगवाली’ म्हणून हाक मारतात. त्यामुळं ते ताई मला फार गोड लागायचं.

तिला लढाईचं काही नव्हतं. तिला किल्ला मांडायचा असायचा. दारात एक झाड, मागं विहीर, सैनिकांच्या खोल्या एका ओळीत, धान्याची कोठारं आडोशाला. मी करवादायची. अगं, आधी तट पक्का कर, झाडं काय लावत बसलीस?

"असू दे की," ती लिहायची. "हे एकच घर हाय, जितं मी ठिवीन तितंच वस्तू ऱ्हाती."

तिथंच, त्या खेळातल्या निरोपांच्या खिडकीत, तिनं मला सगळं सांगितलं. नवऱ्याचा चार-चार दिवसांचा अबोला सांगितला, दुसऱ्या वेळचं बाळ राहिलं नाही ते सांगितलं. आणि हेही सांगितलं की सात ते नऊ ती नसते. ‘नऊ माणसांच्या भाकरी असतात. सासूबाई चुलीपाशीच बसतात. फोन फ्रिजवर असतो, हात लावायची सोय न्हाय. तवा काय लिवलंस तर वाट बघू नको.’ मीही त्या वेळेत कधी लिहायची नाही. नऊ वाजून गेले की तिचा पहिला शब्द यायचा, ‘सुटले बाई’.

एक क्लॅन होती, तिनं आम्हाला तीनदा धूळ चारली होती. त्यांची मोठी सैन्यं कधी एकदम बाहेर पडत नसत, आणि तीच त्यांची ताकद. या खेळात सैन्य लांब गेलं की परतायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ आपला किल्ला उघडा पडतो. म्हणजे ते सगळे एकाच वेळी बाहेर पडले, तर आम्हाला रान मोकळं. त्यासाठी त्यांच्यापुढं असा किल्ला ठेवायचा, की तो बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. भरलेला हवा, तट कच्चा हवा, आणि राखायला कुणी नाही याची त्यांना खात्री हवी.

खात्री द्यायची सोय मी आधीच करून ठेवली होती. खोट्या नावानं मी पाच महिने त्यांच्या क्लॅनमध्ये जाऊन बसले होते. गप्प राहायची, सांगितलेलं करायची, रोज सगळ्यांना धान्य द्यायची. खेळात हे चालतं, सगळेच करतात.

मग किल्ला कुणाचा? ब्राऊन पेपरवर पंचेचाळीस चौकोन काढले होते, आणि माझं बोट फिरत फिरत तिच्या चौकोनावर येऊन थांबलं. मोठ्या दरवाज्यासाठी तिनं दोन वर्षं दगड साठवले होते. तट कच्चा, जागा कडेची, आणि मालकीण रोज सात ते नऊ नाहीच. वाईट वाटलं का, विचाराल. नाही वाटलं. कापड नेमकं बसलं की होतो, तसा आनंद झाला.

तिला सांगायचा विचार मनात आला होता. पण सांगितलं असतं तर तिनं धान्य आणि दगड दुसरीकडं हलवले असते, त्यांच्या हेरांना कोठारं रिकामी दिसली असती, आणि कुणी फिरकलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. नंतर समजावू, असं ठरवलं.

त्या खोट्या नावानं मी तिकडं लिहिलं, ‘या किल्ल्याची मालकीण बाई आहे. सासरी मोठ्या घरात असते. सात ते नऊ या वेळात नऊ माणसांच्या भाकरी करते, सासू शेजारी बसलेली असते, फोनला हात लावता येत नाही. साडेसातला सगळे मिळून जा.’ पाठवण्याआधी दोनदा वाचून पाहिलं, कुठं काही राहिलं तर नाही ना म्हणून.

साडेसातला ते सगळे गेले. पुढच्या वीस मिनिटांत आम्ही त्यांचे अकरा किल्ले पाडले. आमच्या खिडकीत नुसता जल्लोष. ताई, ताई, ताई. मी गॅसवरची खिचडी करपवली त्या नादात. मधेच एकदा तिच्या किल्ल्यावर जाऊन आले. कोठारं जळत होती, दारातलं झाडही जळत होतं. मी परत लढाईकडं वळले.

नऊनंतर तिचा निरोप आला. त्या दिवशी ‘सुटले बाई’ नव्हतं.

‘अगं, हे काय झालं?’

मी उत्साहानं सगळं लिहून काढलं. आपण जिंकलो, तुझ्यामुळं जिंकलो, तुझे दगड मी सगळ्यांकडून भरून देते. पाच महिन्यांची आखणी तिला समजावून सांगितली.

‘माझी सात ते नऊची वेळ त्यांना कुणी सांगितली?’

मी लिहिलं, ‘मीच की.’ आणि पुढं हसरं तोंड टाकलं. ते हसरं तोंड आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी तिचं नाव क्लॅनमधून गेलं. फोन केला तर बंद. तिच्या नवऱ्याला केला, तर "कामात हाय ती," एवढंच म्हणाला. आठ दिवस मी वाट पाहिली. पहिले दोन-तीन दिवस तर रागानंच पाहिली. एवढं काय त्यात? चित्रातलं घर, पुन्हा बांधता येतं. मग राग ओसरला आणि तिचा तो शेवटचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा उघडून वाचायला लागले. रविवारी सकाळची एसटी धरून मी मोडनिंबला गेले.

दारात तिच्या सासूबाई होत्या. मला बघून त्यांना बरंच वाटलं. हात धरून आत नेलं, बसायला दिलं, हाक मारून चहा ठेवायला सांगितला. ती आतून आली, माझ्याकडं बघून जरा हसली आणि परत आत गेली.

"बरं झालं, आलात," सासूबाई आवाज खाली करून म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या. हिला चार शब्द सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. लढाई झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, फ्रिजवर ठेवलेला फोन सारखा वाजायला लागला. हरलेल्या त्या माणसांनी राग तिच्यावर काढला होता. हिचं नाव, गाव, लेकरं, त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण वेळ माहीत होती. नेमकं साडेसातला त्यांनी खेळातूनच निरोपावर निरोप पाठवले. ‘वहिनी, भाकरी झाल्या का? सासूबाई शेजारीच हायत का? आमी येऊ का जेवायला?’ नवऱ्यानं फोन उचलून वाचले, तिच्या दोन्ही दिरांसमोर.

"आमच्या घरात कोन कवा जेवतंय, मी कुटं बसतेय, हे परक्या गड्यांना कसं ठावं?" सासूबाई म्हणाल्या. "इचारलं तर म्हनती, माजीच चूक झाली, मीच बोलून गेले. लेकाचं लई मन मोडलंय. बोलत न्हाय तिच्याशी. तिला त्यो गेम सोडाय लावला, आन् फोन माज्या कपाटात हाय."

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप ठेवला. तिनं माझं नाव सांगितलेलं नव्हतं.

‘मी सांगितलं त्यांना, हिनं नाही.’ एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्याही क्षणी माझं डोकं चाललं. सांगितलं तर काय होईल, न सांगितलं तर काय होईल, मला या घरात पुन्हा येऊ देतील का, गल्लीत आईच्या कानावर जाईल का.

"सांगा की हिला," सासूबाई म्हणाल्या. "घरातलं कुनाला सांगू नये म्हनावं. कितीबी जवळचं असू दे."

"खरं आहे," मी म्हणाले. "सांगू नये."

ती ट्रे घेऊन तशीच उभी होती. मग आत गेली.

निघताना सासूबाईंनीच तिला म्हटलं, जा, रस्त्यापर्यंत सोडून ये. आम्ही दोघी हायवेकडं चालत गेलो. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते, धूळ उडत होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं पदर सारखा केला.

"दगड गेले, त्याचं मला काय न्हाय गं," ती म्हणाली. "किल्ला मागितला असतास तर मीच दिला असता की. दार उघडून दिला असता. तू जिंकणार म्हणून लई खूश झाले असते मी."

पंचेचाळीस जण काय करतील, हे मी कागदावर मांडलं होतं. तिला विचारावं आणि ती हो म्हणेल, हे मला सुचलंच नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडायला लागले. म्हणाले, मी आत्ता परत येते, तुझ्या नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर सगळं सांगते, तुझं काही चुकलं नाही म्हणून सांगते.

"नको," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही. तिनं नको म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आणि ती माझ्याकडेच बघत होती, तिला ते दिसलं.