आधी तिकीट, मग खिडकी

बोलता बोलता काकांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात जायचा आणि आतून आवाज यायचा, कट कट. तिकिटाला भोक पाडायचा तो जुना चिमटा. डेपोने मोडीत काढलेला, पण काकांनी जपलेला. एखादं बोलणं पटलं तर एकदा कट, पटलं नाही तर दोनदा. हे ज्याला ठाऊक होतं, त्याला त्यांच्याशी फार वाद घालावा लागत नसे.

ते लाल गाडीचे कंडक्टर होते. उभी नोकरी जव्हार आणि मोखाड्याच्या घाटवळणांत गेली, म्हणून आमच्या बाजारगावात लहानथोर त्यांना कंडक्टरकाका म्हणत. माझं शिलाई मशीन बाजाराच्या तोंडाशीच आहे. निवृत्त झाल्यापासून काका रोज सकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसायचे, माझंच वर्तमानपत्र वाचायचे आणि मलाच बातम्या सांगायचे. तुमच्याही गावात असा एखादा बाकावरचा माणूस असेलच. तो असतो तेव्हा कधी कधी त्याची कटकट होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘आधी तिकीट, मग खिडकी.’ म्हणे एकदा एका साहेबाने खिडकीची जागा धरायला बॅग ठेवली आणि स्वतः खाली चहा पीत उभा राहिला. काकांनी बॅगेपुढे उभं राहून तिलाच विचारलं, ‘बाई, कुठं जायचं? तिकीट काढा.’ सगळी गाडी हसली. साहेब चहा टाकून वर आला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की साहेबाच्या बॅगेचा रंगही मला ठाऊक आहे.

हा माणूस निवडणुकीला उभा राहील असं कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो उभा राहिला त्राटिकेमुळे.

होळीनंतर आमच्याकडे बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे बांधून वाजंत्रीवर सोंगं नाचवतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं. काकांच्या घराकडे त्राटिका. नऊवारी लुगडं घट्ट नेसायचं, आत चिंध्या कोंबायच्या आणि वर तो जड मुखवटा. पूजा करून मुखवटा एकदा बांधला की फेरी पुरी होईपर्यंत सोडायचा नाही. त्या वर्षी शेवटच्या दिवशी, उजाडल्यावर त्यांची पाळी आली. थंडी होती म्हणून आधी चहावर चहा झालेला. आणि सोंग चौकात आलं तोच संबळ फुटलं. दुसरं आणायला माणूस पलीकडच्या पाड्यावर गेला. तोवर त्राटिका जागच्या जागी नाचत होती. लोक म्हणाले, अशी त्राटिका कधी झाली नाही. बायकांनी ओवाळलं, म्हाताऱ्यांनी नोटा टाकल्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी काका बाकावर बसले, पण पेपर उघडला नाही. म्हणाले, “बाय, तुला एक विचारू का? राग नको धरू.”

“विचारा की.”

“तुम्ही बाया इथं सकाळपासून बसता. मग ते कसं करता?”

“काय कसं?”

त्यांनी जमिनीकडे पाहिलं. “तेच. लुगड्यात माझी काय गत झाली, मलाच ठाऊक. मी त्या दिवशी नाचत नव्हतो गो. मला धरवत नव्हतं.”

मी हातातलं कापड तोंडाला लावून हसले. काकाही हसले. पण शेजारी भाजी मांडून बसलेली भागीबाय हसली नाही. ती वांगणी गावाहून जीपने यायची, मागच्या फळीवर दाटीवाटीत, खड्ड्यांतून आदळत. ती शेंगा निवडता निवडताच म्हणाली, “आमी सकाळशी पाणीच पेत नाय. पेला तं जावाचा कुठं?”

खरंच होतं ते. बाजारच्या दिवशी मीही घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाण्याला शिवत नसे. त्या वर्षी लघवीच्या जळजळीने मला जव्हारच्या दवाखान्यात जावं लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी प्या. मी बरं म्हटलं. काय सांगणार त्यांना?

बाजारात संडास नव्हता असं नाही. कुठल्याशा योजनेतून बांधलेला होता, रंगीत फरशीचा. पण टाकीत पाणी नाही, झाडायला माणूस नाही, म्हणून त्याला कुलूप लागलं. पुढे ते कुलूपही तुटलं आणि शेजारच्याने आत भाताचा पेंढा रचला. काका उठले, जाऊन तो पेंढा पाहून आले. खिशातून दोनदा आवाज आला.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा आमच्या वॉर्डात एक तरुण उभा होता. खडी-रेतीचा धंदा, गोड जीभ. मुलगा वाईट नव्हता, त्याच्या बहिणीच्या लग्नाचे ब्लाउज मीच शिवले आहेत. तो म्हणायचा, वेशीवर मोठी कमान बांधू, दाभोशाचा धबधबा बघायला जाणारे पाहुणे इथे थांबतील, गाव वाढेल आणि घरपट्टीत सूट मिळेल. लोकांना आवडत होतं. सूट कोणाला नको?

त्याच्याविरुद्ध काकांनी अर्ज भरला, बाजारातला संडास चालू करायचा म्हणून. ते दारोदार जाऊन सांगत, “मी आलो तर पट्टी थोडी वाढंल. बाजारकर पण वाढंल.”

आमचा चहावाला म्हणाला, “काका, तुम्ही उभे राहिलाय की आडवे पडायला निघालाय?”

“अरे, बांधायला सरकार पैसं देतं. रोज झाडायला, टाकीत पाणी चढवायला कोण देतो? तू देतोस?”

“आणि गाव वाढायला नको?”

“गाडीत माणसं वाढली म्हणजे गाडी वाढते का? लोंबकळणारे वाढतात. आणि त्या कमानीखाली तो पाव्हणा गाडी थांबवंल ना, पहिलं काय विचारंल सांगू? संडास कुठाय.”

चहावाला हसला. पण हसणं म्हणजे मत नव्हे. काकूंनी तर निर्वाणीचंच सांगितलं होतं, सभेत पट्टीचं नाव काढलं तर आठवडाभर नागलीची भाकरी आणि मीठ, कालवण बंद. मी मनातून काकूंच्या बाजूची होते. मला काका निवडून यायला हवे होते. माझ्यासाठीच हवे होते, उगाच खोटं कशाला बोलू? म्हणून मीही त्यांना विनवलं होतं, “निवडून येईपर्यंत तेवढं बोलू नका.” त्यांनी खिशात हात घातला, पण आवाज केला नाही.

शेवटची सभा बाजारच्या दिवशी दुपारी, वडाखाली झाली. आधी तो तरुण बोलला, टाळ्या पडल्या. मग काका उठले आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “पट्टी वाढंल.” काकूंनी कपाळाला हात लावला. माणसं उठायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, “कशाला वाढवायची?”

काकांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता हे खाली बसणार आणि सगळं संपणार. पण त्यांनी त्राटिकेची गोष्ट सांगायला घेतली. चहा, लुगडं, फुटलेलं संबळ, सगळं. ज्या नाचावर गावाने नोटा टाकल्या तो नाच कशाचा होता, हे आपल्या तोंडाने सांगितलं. उठलेली माणसं खाली बसून पोट धरून हसली. म्हातारे डोळे पुसू लागले. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

हसू ओसरू दिलं आणि काका म्हणाले, “माझी एक सकाळ तशी गेली. ह्या बायांचा दर बाजार तसाच जातो. बोहाड्याची वर्गणी कोणी चुकवत नाय, कारण सोंग दाराशी येऊन नाचतं. ह्यांचं नाचणं तुम्हाला दिसत नाय, एवढंच.”

मग हसायला कोणी उरलं नाही. कोणी कोणाकडे बघेना. तेवढ्यात भागीबाय आपल्या टोपलीमागूनच बोलली, “माझा मत नाय इथं. मी वांगणीची. पण बाजाराला बसते, तं मी पैसा देन.” आणि पुन्हा शेंगा नीट लावू लागली.

काका थोडक्या मतांनी निवडून आले. निकाल कळला तेव्हा मी एका परकराला नाडी ओवत होते. मशीनवर डोकं टेकून मी रडले, आणि रडताना बरं वाटत होतं. काकूंनी त्या दिवशी सुक्या बोंबलाचं कालवण केलं.

पंचायतीत काकांनी बाकीच्यांना इतकं पिडलं की शेवटी कंटाळून सगळ्यांनी हो म्हटलं. ग्रामसभेत पट्टीवरून कुरकुर झाली, ती अजूनही होते. पेंढ्याच्या मालकाला काकांनी सांगितलं, “पेंढ्याचं तिकीट काढ, नायतर उतरव.” त्याने उतरवला. टाकीला पाणी आलं, झाडायला एक बाई नेमली. कमान काही झाली नाही. त्या तरुणाने पुढे टाकीच्या कट्ट्याला स्वतःहून खडी आणून टाकली, हेही सांगायला हवं.

संडास उघडला तो बाजारचा दिवस. काकांना सगळे बोलवत होते, पण ते तिकडे फिरकले नाहीत. माझ्या बाकावर त्या दिशेला पाठ करून, पेपर डोळ्यांपुढे धरून बसले. आपण पाहत असलो तर बाया लाजतील, म्हणून. भागीबाय जाऊन आली आणि जागेवर बसली. मी काकांना म्हटलं, “झालं हो.” पेपरमागून एकदाच आवाज आला, कट.

मुदत संपल्यावर लोकांनी पुन्हा उभं राहायचा आग्रह केला. ते म्हणाले, “आपला स्टॉप आला की उतरावं. दारात उभं राहून वाट अडवू नये.” गेल्या दिवाळीनंतर काकू आणि ते नाशिकला मुलाकडे राहायला गेले. मी स्टँडवर गेले होते. त्यांना पास होता, तरी त्यांनी त्या दिवशी तिकीट काढलं. गाडी हलली तेव्हा खिडकीशी बसून त्यांनी ते मला काचेला लावून दाखवलं. मला हसू आलं.

पुढच्या बाजाराला बाक रिकामा होता. वर्तमानपत्राची घडी तशीच. ऊन चढल्यावर भागीबायने हाक मारली, “बाय, पाणी हाय का गो?” मी तांब्या भरून दिला. ती घटाघटा प्यायली. उरलेलं मी प्यायले, आणि रिकामा तांब्या काकांच्या जागेवर ठेवून पुन्हा शिवायला बसले.