वांगं बंद, दारू चालू

मोबाइलचा कॅमेरा चालू होता, वांगी भाजून झाली होती, आणि आबा भरताला हात लावायला तयार नव्हते.

मी एमआर. म्हणजे डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन ताटकळणारा औषध कंपनीचा माणूस. जळगाव आणि धुळे जिल्हा माझ्याकडे. या पट्ट्यात माझ्या मोटरसायकलवर न भुंकलेलं कुत्रं शोधून दाखवा. आमचा माल जडीबुटीचं लिव्हर टॉनिक. लिव्हर म्हणजे पोटातला हमाल. आत येईल तो माल त्यानेच उचलायचा, दारूचासुद्धा.

लग्नसराई तोंडावर होती. नाशिकहून आलेल्या आमच्या रीजनल मॅनेजरांनी कॅम्पेन काढलं होतं: ‘रात्री बिनधास्त, सकाळी टॉनिक’. त्याला टेस्टिमोनियल हवं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने केलेली तारीफ. भडगावकडचे आबा हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. टॉनिकच्या रिकाम्या बाटल्यांनी त्यांच्या मळ्याला कुंपण घालता आलं असतं. म्हणून केमिस्ट लोकांची भरीत पार्टी आबांच्याच मळ्यात ठेवली.

कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास असा, की गिरणा नदीपलीकडची माणसं नुसत्या वासावर भाकरी संपवत असावीत. आणि आबा वरण-भाकरी घेऊन बसलेले. शेजारी ग्लास.

हिवाळ्यात खान्देशी माणूस भरीत नाकारतो म्हणजे घरात सुतक तरी असतं, नाहीतर भांडण. मी जवळ टेकलो.

“आबा, भरीत?”

“नही रे भाऊ. तुन्हं औषध चालू शे ना. पथ्य पाळस मी. वांगं बंद, आंबट बंद, तेल बंद.”

“कोणी सांगितलं?”

“सांगाले कसाले पाह्यजे? जडीबुटीनं औषध शे, पथ्य तं पाळनंच पडी.”

“आणि हे?” मी ग्लासाकडे बोट केलं.

“हाई बंद कयी तं औषध कसाले लेऊ?”

आमच्याकडची रीतच ती. औषध आलं की पथ्य आलं. कोणी सांगितलं नाही तर माणूस स्वतः ठरवतो, आणि बळी बहुतेक वांग्याचा जातो. आबांनी अख्खं स्वयंपाकघर बंद केलं होतं, मूळ कारण सोडून.

ते हसले तेव्हा उन्हात त्यांचे डोळे दिसले. पिवळे. रावेरच्या पिकल्या केळीसारखे.

मॅनेजर साहेब मोबाइल धरून पुढे आले. “आबा, म्हणा, रोज पितो, रोज टॉनिक घेतो, लिव्हर ठणठणीत.”

“साहेब, आधी त्यांचे डोळे बघा.”

“व्हिडिओला फिल्टर लावू.”

“माणसाला कुठला लावणार?”

साहेब कानाशी आले. “तुला बदली हवीय का?”

मी उठलो. केमिस्टांसमोर टॉनिक खपवताना लावतो तोच आवाज लावला. “आबा, तुमचं पथ्य उलटं झालंय. या औषधाला वांगं चालतं. दारू चालत नाही. ती चालू असली तर माझी बाटली म्हणजे नुसतं गोड पाणी.”

केमिस्टांचे घास हवेत थांबले. माझ्या अंदाजाने पाखरंसुद्धा थांबली.

“दारू पथ्यमा शे?” आबांनी विचारलं.

“तेवढं एकच पथ्य आहे.”

आबांनी ग्लास बांधावर ओतला. त्यांची बायको, आमच्या अक्का, सांगून थकल्या होत्या, मुलगा भांडून थकला होता. पण ते सगळे सल्ला देत होते. पथ्य म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

रोजची दारू एकदम तोडली तर माणसाला त्रास होतो. म्हणून तशीच गाडी काढून आबांना जळगावला नेलं. डॉक्टरांनी एलएफटी केली, म्हणजे लिव्हर किती कुरकुरतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी. आबांना ॲडमिट करून घेतलं आणि म्हणाले, “वेळेत आणलंत. दारू कायमची बंद. आणि हे टॉनिकही बंद. दुखऱ्या लिव्हरवर जडीबुटीचाही भार नको.”

हे ते माझ्या बॅगेकडे बघत बोलले. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, आणि पोहोचवायला मीच गेलो होतो.

पण एका केमिस्टाने माझं भाषण रेकॉर्ड केलं होतं. ते दोंडाईच्यापर्यंत फिरलं. मला दारातूनच वाटेला लावणारे धुळ्याचे डॉक्टर आता खुर्ची देऊन विचारू लागले, “ग्लास ओतायला लावणारा तूच ना?” बदलीचं नाव निघालं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं की ती कल्पना त्यांचीच होती. मी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या हिवाळ्यात आबांनी बोलावलं. डोळे कापसासारखे पांढरे. डॉक्टरांना विचारूनच भरताला बसले आणि असे जेवले, की शेजारच्याने आपल्या वांग्यांवर राखण बसवली.

“पथ्य काय म्हणतंय, आबा?”

“चालू शे. औषध सुटनं, पथ्य नही.”

तेव्हापासून मी कोणालाही डोस नंतर सांगतो. पथ्य आधी.