जप्त मांजर

पोतं कुणाचंही असो, आमचे नाकेदार आधी त्यावर कान टेकवायचे. मग तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचे आणि शेवटी मालकाकडे बघायचे. मालक म्हणायचा, “तांदूळ हाय जी.” नाकेदार म्हणायचे, “आसंल. पन बगू.”

हे “आसंल, पन बगू” मी सारोळ्याच्या नाक्यावर दोन वर्षं ऐकलं. नीरेच्या पुलाच्या अलीकडे भोर संस्थानची एक चौकी होती, तिथे मी कारकून होतो. चोरटी दारू आणि जंगलातला चोरटा माल पकडायचा, एवढंच काम. नाकेदार वेल्ह्याकडच्या डोंगरातले, पन्नाशीचे, एकटे. भोंगवलीची बाई दूध घालायची, तर तिच्याच चरवीतलं दूध आधी तिला प्यायला लावायचे. मी घरी पत्र लिहायला बसलो की मागे येऊन उभे राहायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बघायचे. अशा माणसाबरोबर राहिलं की आपणही तसेच होतो. ते एवढा संशय घेतात म्हणजे स्वतःच काहीतरी लपवत असणार, अशी माझी खात्री होती.

एकदा त्यांनी एका पोत्यावर कान टेकवला आणि पोतं ओरडलं. आत मांजर होती. राखाडी, पट्ट्यांची, एका कानाचा तुकडा गेलेली. शेतकरी म्हणाला, तिला आकडी येते, वाकडीतिकडी होऊन पडते, घरातली बायामाणसं घाबरतात. मांजर मारली तर पाप लागतं, म्हणून नदीपलीकडे सोडायला चाललो आहे. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही. आता यात संशय घेण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. पण नाकेदारांना वाटलं, आज मांजर दाखवून हा आपल्याला सवय लावतोय, उद्या याच पोत्यातून बाटल्या नेईल. त्यांनी मांजर जप्त केली. शेतकऱ्याला काय, तो हसत घरी गेला. मी भोरला रीतसर कळवलं, “जप्त : मांजर, नग एक.” वरून उत्तर आलं नाही, आणि हुकमावाचून जप्त माल सोडायला नाकेदार तयार नव्हते.

त्याच संध्याकाळी तिला आकडी आली. पाय ताठ, तोंडाला फेस. नाकेदार उकिडवे बसून बघत राहिले. “सोंग आसंल,” म्हणाले. मग सोंग पकडायचं म्हणून त्यांनी तिच्यावर पाळत ठेवली. दूधवाली काही चारते का, मी काही चारतो का, सगळं बघून झालं. महिनाभरात एवढंच हाती लागलं की आकडीच्या आधी ती उगाचच ओठ चाटते आणि तुटका कान थरथरतो. तेवढं दिसलं की नाकेदार हातातलं काम टाकून उठायचे, कंदील बाजूला करायचे आणि घोंगडीची घडी तिच्या डोक्याखाली सरकवायचे. सोंगाचं नाव मात्र त्यांनी नंतर काढलं नाही.

एका दुपारी ते बाहेर गाड्या तपासत असताना मांजरीला दप्तराच्या फळीवरच आकडी आली. ती पडेल म्हणून मी धरायला गेलो आणि तिने माझ्या अंगठ्यात दात रुतवले. गाडीवान आत धावले. तोंडाला फेस बघून म्हणाले, पिसाळली, ठेचा. नाकेदारांनी तिच्यावर कोंबड्यांचं डालगं टाकलं आणि त्यावर स्वतः बसले.

भोरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “मांजर दहा दिवस जगली तर तुम्हाला भीती नाही. मेली तर त्याच दिवशी पुण्याला जाऊन पोटात सुया घ्या. पण तिला कुणी मारू देऊ नका, मग काहीच कळणार नाही.”

ते दहा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पिसाळल्यावर माणूस पाण्याला घाबरतो म्हणतात, म्हणून मी तासातासाला पाणी पिऊन बघत होतो. चौथ्या दिवशी नाकेदार नदीवर आंघोळीला गेले होते. डालग्यातून ती मांजर माझ्याकडे शांतपणे बघत होती. माझं डोकंच फिरलं. मी काठी उचलली, डालगं वर केलं, हात उगारला. आणि आठवलं, ही मेली तर आपलं काय होणार ते कळणार नाही. मी काठी खाली ठेवली. वळून बघतो तर दारात ओल्या पंच्यात नाकेदार उभे. दुसऱ्या दिवसापासून मांजरीला दूध घालायचं काम त्यांनी मला दिलं.

सातव्या दिवशी मला नवीच शंका आली. मांजर जाड दिसत होती. खरी मेली असेल आणि मी हाय खाऊ नये म्हणून यांनी कान कापून दुसरी आणली असेल तर? मी तसं विचारलं. नाकेदार एवढे दुखावले की दोन दिवस त्यांनी आपली भाकरी वेगळी थापली. नवव्या दिवशी तिने ओठ चाटले, कान थरथरला आणि ती आडवी झाली. तीच होती. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो होतो, आणि त्या बिचारीला आकडी आली म्हणून मी आनंदाने रडत होतो.

पुढे नाकेदारांची बदली झाली. मांजर ते घेऊन गेले. वरून हुकूम तेव्हाही आला नव्हता. वर्षभराने वेल्ह्याकडून निरोप आला, येऊन जा. गेलो. भावाच्या ओसरीवर ते पडून होते, तापाने पार वाळले होते. मांजर पायाशी.

“तुमी न्या हिला,” ते म्हणाले. “भावाचा भरवसा न्हाई मला. तुमी काटी उगारली हुती, म्या बगितलं. पन मारली न्हाई. चावल्या जनावरावरचा हात आवरनारा मानूस म्या दुसरा न्हाई बगितला, कारकून.”

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मांजरीने ओठ चाटले. नाकेदारांचा हात घोंगडीकडे गेला, पण पोचेना. मीच घडी घालून तिच्या डोक्याखाली सरकवली. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मी गप्प बसलो.

आठवड्याभरात ते गेल्याचं कळलं. मांजर पुढे पाच वर्षं माझ्याकडे होती. जन्मभर कुणावर विश्वास न ठेवलेल्या त्या माणसाने माझ्यावर ठेवला, आणि मी हात आवरला होता तो माझ्या जिवासाठी. सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी ती मला दिली नसती, आणि तोवर मला ती हवीशी झाली होती.