रोहित, भोरड्या आणि माझा घसा

पक्ष्यांशी बोलायला आमच्या घराण्यात एकच शब्द आहे: "हाऽऽ!"

सुप्याच्या जिरायती रानात, मचाणावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकण्यात माझं बालपण गेलं. पुढे बारामतीत शिक्षक झालो, पायात बूट आले. घसा मात्र तोच राहिला. (माझ्या विद्यार्थ्यांना विचारा!)

आमच्या कल्याणीला पुण्याचा एक मुलगा पसंत पडला, त्यालाही ती पसंत. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी, म्हणजे वसंतरावांपाशी. "माणसं बघतो, मग सांगतो," ते फोनवर म्हणाले. "तुमच्या भागात पक्षी चांगले दिसतात म्हणे?"

"अहो, पक्षी म्हणजे माझा जीव की प्राण!" मी ठोकून दिलं. सुमननं, म्हणजे आमच्या सौ.नी, कपाळाला हात लावला.

वसंतराव दुर्बीण, कॅमेरा आणि हिरवी टोपी घेऊन आले. आधी त्यांना सुप्याजवळच्या अभयारण्यात नेलं. "तो बघा धाविक! फार दुर्मीळ! उघड्या माळावरच सापडतो." (एवढं मोबाइलवरून पाठ केलं होतं.)

त्यांनी दुर्बीण लावली. "ही टिटवी आहे."

टिटवीनंही लगेच ओरडून दुजोरा दिला.

"आणि खरा धाविक आत्ताच तुमच्या मागून पळाला," वसंतराव म्हणाले. कल्याणीचा चेहरा पडला. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

आता सगळी भिस्त उजनीच्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी भिगवणजवळ आम्ही चौघं होडीत बसलो. नावाड्यानं बजावलं, "तोंडातनं ब्र काढायचा न्हाय. रोहित लई भित्रं पाखरू हाय."

"माझ्याकडं कशाला बघताय?" मी म्हणालो.

"बघावं लागतंय," सुमन म्हणाली.

आणि दिसले! उथळ पाण्यात रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, भला मोठा थवा माना खाली घालून चरत होता. वसंतराव कॅमेरा सरसावून उभे राहिले. आयुष्यभर याच फोटोची वाट पाहिली, असं रस्त्यात सांगत होते. कल्याणीनं हळूच माझा हात दाबला.

तेवढ्यात माझी नजर काठावर गेली. हुरड्यात आलेली ज्वारी, आणि तिच्यावर भोरड्या पाखरांचा काळा-गुलाबी ढग उतरत होता!

पुढचं मी केलं नाही, माझ्या घशानं केलं.

"हाऽऽ! हाऽऽ! हुर्रर्रर्र!"

भोरड्या उडाल्या. रोहित उडाले. होडी डुलली, टोपी पाण्यात गेली आणि वसंतराव होडीच्या तळातल्या गढूळ पाण्यात बसले. फोटो आला तो फक्त आभाळाचा.

"बाबाऽऽ!" कल्याणी किंचाळली. (घसा वारशानं आला आहे.)

वसंतराव माझ्याकडे पाठ करून कॅमेरा पुसू लागले. लग्न मोडलं, मी मनाशी म्हटलं.

होडी काठाला लागताच ज्वारीतून एक बाई हात हलवत पळत आल्या. "दादा, लई उपकार झालं! गोफण तुटली हुती, वरडून वरडून माझा घसा बसला हुता. आता हुरडा खाल्ल्याबिगर जायाचं न्हाय!"

आगटीभोवती आम्ही बसलो. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. वसंतरावांची पँट वाळत होती, पण राग काही वाळेना. दोन मुठी हुरडा पोटात गेल्यावर त्यांनी विचारलं, "ज्वारी तुमच्या नात्यातली?"

"न्हाय वो. मी तर ह्यांना आजच बघतीय," बाईच म्हणाल्या.

वसंतराव माझ्याकडे वळले. "स्वतःच्या मुलीचं लग्न पणाला लावून परक्याची ज्वारी राखणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. या घरची मुलगी आम्हाला हवी."

मला भरून आलं. त्या माउलीला मी वाकून नमस्कार केला. भोरड्यांनाही केला असता, पण मीच त्यांना हाकललं होतं!

आता दर हिवाळ्यात व्याही येतात आणि मलाही आठवणीनं सोबत नेतात. होडीत पाय ठेवण्याआधी प्रेमानं माझ्या तोंडात गुळाचा भला मोठा खडा कोंबतात.

तो विरघळायच्या आत सगळे पक्षी बघून घ्यावे लागतात.