आईच्या पासपोर्टची सीमा

युरोप एक झाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? लसणीच्या चटणीचा वास आला की मला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून जर्मनीत परतणारी ती रेल्वेगाडी आठवते. “आई, पासपोर्ट कशाला? इथे सीमाच उरली नाही,” असं भारतातून माझ्याकडे आलेल्या आईला निघताना मीच ठणकावलं होतं. सीमेवर पोलीस चढले आणि भरलेल्या डब्यात फक्त आम्हा दोघी सावळ्या बायकांपाशी थांबले. आईला फलाटावर उतरवून त्यांनी तिचा चटणीचा डबा उघडून हुंगला. मग आपसांत हसले. सकाळीच युरोपच्या एकीवर भाषण ठोकणारा, आमच्यासोबत परतणारा माझा जर्मन सहकारी जागेवरूनच म्हणाला, “आल्झो, म्हणजे काय, नियम म्हणजे नियम.” जर्मनीतल्या माझ्या घरून फोनवर तिच्या पासपोर्टचा फोटो येईपर्यंत आई थंडीत उभी होती. “सीमा आहे गं बाई, तुला दिसत नव्हती,” एवढंच ती बोलली. पुन्हा कधी जर्मनीला आली नाही. तुमच्या डब्यात एकालाच कागद विचारले, तर उठा आणि स्वतःचेही पुढे करा.